पेरूखालची जमीन

हनोक आवासकराची बाग बघायला इस्रायलच्या वाळवंटातल्या दिमोना गावची माणसं वाट वाकडी करून यायची. बाग म्हणजे काही एकरभर नव्हे. घरापुढे अंगणाएवढा तुकडा आणि कुंपणाला लागून एक चिंचोळा पट्टा, बस्स. पण गल्लीत बाकीच्यांच्या दारात पिवळी धूळ उडत असताना ह्याच्या दारात लिंबू लगडलेला असायचा, मोगऱ्याच्या कळ्या टपोऱ्या, कढीपत्ता खिडकीला टेकलेला. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, उतरताना विधीला सुगंधी पाल्याचा वास घ्यायला लागतो म्हणून सब्जाचा वेगळा वाफा. आणि कोपऱ्यात पेरू. त्या पेरूच्या सावलीत खाट टाकावी आणि उन्हाळा तिथेच काढावा, असा डेरेदार.

हनोकची उमर कापड गिरणीत मशीन दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाला तेव्हा हात रिकामे राहिले, ते त्याने नळ्यांत घातले. सगळी बाग ठिबकवर. काळ्या बारीक नळ्या जमिनीत वीतभर खाली पुरलेल्या, वरून काही दिसायचं नाही. नळाला फिल्टर, फिल्टरला टायमर. ठरल्या वेळी टायमर टक् करायचा आणि झाडांची बुडं आपोआप ओली व्हायची. हनोक घरात बसून डोळे मिटायचा आणि कुठला जॉइनर, म्हणजे नळ्यांचा सांधा, कुठल्या दगडाखाली आहे ते बोटाने हवेत दाखवायचा. त्याची बायको दिना म्हणायची, "ह्यांना माझ्या वाढदिवसाची तारीख आठवत नाही, पण पाण्याचा थेंब कुठून कुठे गेला ते विचारा."

ह्या बागेला नावं ठेवणारं एकच माणूस होतं, आणि ते घरातच राहायचं. हनोकची थोरली बहीण मलकाबाई, त्याची बाय. आई गेली तेव्हा हनोक पाळण्यात होता. भारत सोडण्याआधी, पनवेलला, बायने त्याला कडेवर घेऊन घरकाम केलं, त्याला शाळेत घातलं, आणि त्याला मिसरूड फुटल्यावर मग स्वतःचं लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. नवरा वारल्यावर ती भावाकडे आली आणि मागच्या खोलीत राहिली ती राहिलीच. इतकी वर्षं होऊन हिब्रू तिला बाजारापुरतंच येत होतं. भांडायला मात्र मराठीच लागायची.

"काय रे हन्या, झाडं आजारी आहेत का? सलाईन कशाला लावलंयस?"

"बाय, इथं पाणी असंच द्यायचं असतं. थेंब वाया जात नाही."

"झाडाला पाणी पाजायचं असतं. घटाघटा. तू नुसतं चाटवतोस."

तरी रोज संध्याकाळी ती पेरूखालीच बसायची. प्लास्टिकची पांढरी खुर्ची, हातात बशी, बशीत चहा. तिथून तिला गल्ली दिसायची, आणि कुंपणापलीकडे फ्रेहाचं अंगण. फ्रेहा मोरोक्कन बाई, विधवा, आवाज असा की तिने नातवंडांना हाक मारली की चौथ्या घरचं कुत्रं उठायचं. तिच्या अंगणात हिरवळ होती, हिरवळीवर नातवंडांचा झोपाळा. ती हिरवळही हनोकनेच ठिबकवर केली होती. कुंपणावरून फ्रेहा आणि बाय एकमेकींना काय सांगायच्या देव जाणे, एक अरबी मिसळलेल्या हिब्रूत, दुसरी मराठीत. पण दोघी खो खो हसायच्या.

त्या उन्हाळ्यात पेरूला नुसता माज आला होता. पानं हातभर, फांद्या छपरावर. येणारा-जाणारा म्हणायचा, हनोकभाऊ, काय खत घालता? हनोक फुशारून जायचा. दुसऱ्या टोकाचा मोगरा मात्र सुकत चालला होता. नळीच्या शेवटाला पाण्याचा जोर पोचत नव्हता. हनोकने टायमरची वेळ वाढवली. मग पेरूच्या बुडाशी जमीन जराशी बसली, परात ठेवल्यासारखी. घूस असेल म्हणून त्याने हातगाडीभर माती आणून ओतली, वरून पाय देऊन दाबली. काही आठवड्यांनी पुन्हा परात. पुन्हा माती. तिसऱ्यांदा माती टाकताना दिना दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, इतकी माती जाते कुठे?"

"बसते," हनोक म्हणाला. "माती बसतेच."

शब्बाथची संध्याकाळ होती. ऊन कलंडलेलं, पण भिंती अजून तापलेल्या. थर्मासातला चहा बायला देऊन हनोक पायरीवर बसला होता. बाय आदल्या दिवशीच्या माशाच्या कालवणाबद्दल बोलत होती. तिच्या हिशेबी दिनाच्या हाताला अजून चव आली नव्हती, लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी.

"चिंचेचा कोळ घालताना हात आखडू नये. माझी सासू म्हणायची, कालवणात चिंच आणि घरात सून..."

आणि बाय नव्हती.

हनोक पेरूकडेच बघत होता. डोळ्यांची पापणी लवली नव्हती. समोर खुर्ची होती, खुर्चीत बाय होती, बायच्या हातात बशी होती. आणि मग तिथे काहीच नव्हतं. जमीनही नव्हती. धडाम नाही, किंकाळी नाही. पिठाचा डबा हलवल्यावर पीठ खाली बसावं तसा एक मऊ आवाज, आणि पिवळी धूळ फांद्यांपर्यंत वर आली.

पुढचं वाक्य ऐकायला त्याचे कान अजून तसेच उभे होते. घरात सून काय? तो वाट बघत बसला. किती वेळ, ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. दिना म्हणते, क्षणभरच असेल.

मग तो उठला आणि पेरूकडे निघाला.

"थांब! हनोक, थांब!" कुंपणापलीकडून फ्रेहा ओरडली. "पुढे जाऊ नकोस! आडवा हो! पोटावर आडवा हो, गाढवा!"

तिने कुठे बघितलं होतं कोण जाणे, पण ते शहाणपण तिला त्या घडीला सुचलं. हनोकच्या पायापुढची जमीन बिस्किटासारखी तडकत होती. तो आडवा झाला आणि सरपटत कडेपर्यंत गेला.

खाली अंधार होता. दोन पुरुष खोल असेल. जुन्या दगडांचं गोल बांधकाम दिसत होतं, आणि वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या जागेला असतो तसा वास. खड्ड्याच्या तोंडावर काळी नळी लोंबत होती, मधोमध तुटलेली. तळाशी मातीच्या ढिगात काहीतरी पांढरं होतं. ती खुर्ची होती.

"बाय!"

काही नाही.

"बाय गं!"

मातीत काहीतरी हललं. मग आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"हन्या, मी मेले का?"

"नाही बाय. नाही."

"मग एवढा काळोख कशाला?"

हनोकला हसायला आलं की रडायला, त्याला कळलं नाही. तोंडातून निघालेला आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. दिना आतून धावत आली होती, पायरीवरच खिळली होती, दोन्ही हात तोंडावर. शब्बाथला फोनला हात लावत नाहीत, तरी फ्रेहाने फोन उचलला होता आणि बंबवाल्यांना शिव्या देत पत्ता सांगत होती.

"पाय हलतो का बाय?"

"एक हलतो. दुसरा कुणाचा आहे ठाऊक नाही."

"हलू नकोस. माणसं येतायत. मी इथंच आहे."

"तू तिथंच राहा. खाली येऊ नकोस. इथं एकालाच जागा आहे."

आणि तेवढ्यात, घराच्या भिंतीवर, टायमर टक् करून वाजला.

संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली होती.

आधी तुटलेल्या नळीने हवा सोडली, फुस्स. मग पाणी आलं. थेंब नव्हे, धार. सरळ खाली, बायच्या अंगावर. सुकी माती पाणी पिऊन ढासळू लागली, खड्ड्याच्या भिंतीची ढेकळं सुटून खाली पडू लागली.

"हन्या! पाणी आलं रे! पाणी आलं! बंद कर मेल्या!"

हनोकला पाणी बंद करता येईना. कसं करायचं तेच आठवेना. त्याने लावलेला टायमर, त्याने बसवलेला कॉक, हजार वेळा फिरवलेला. पण तो कुठे आहे, उजवीकडे फिरतो की डावीकडे, डोक्यात काही नव्हतं. कोरी पाटी. हातांनी तो नळीचं टोक धरायला गेला आणि कडेची माती त्याच्या छातीखालून सुटली. फ्रेहा कुंपणावरून उडी मारून आली होती, त्या वयात. तिने त्याचे दोन्ही पाय धरून त्याला मागे ओढलं.

पाणी थांबलं. एकाएकी.

दिना दारात उभी होती, अनवाणी, धापा टाकत.

"कुठला कॉक बंद केलास?" हनोकने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा निघाला.

"कुठला काय! घरात येणारं सगळंच बंद केलं. तुमच्या नळ्यांतलं मला काय कळतं?"

बंबवाले आले. त्यांच्यातला आदिसू नावाचा एक उंच, सडपातळ इथिओपियन जवान दोराला लटकून खाली उतरला. तो बायशी हिब्रूत बोलत होता, बाय त्याला मराठीत उत्तरं देत होती, आणि दोघांचं नीट चाललं होतं. तिला पट्ट्यांनी बांधून वर काढली तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखली होती, आणि बशीचा एक तुकडा अजून तिच्या मुठीत होता. तो सोडवून घ्यायला दोन माणसं लागली.

जवळच्या बीरशेबा शहरातल्या इस्पितळात खुब्याचं हाड जोडलं. बाय वाचली, असं डॉक्टरनी सांगितलं. ह्या वयात इतक्या खोलात पडून वाचणं म्हणजे नवलच, असंही म्हणाले. हनोकने मान हलवली. त्याला ते ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक.

नगरपालिकेचा एक माणूस येऊन खड्डा बघून गेला. शांत, समजूतदार माणूस. त्याने सगळं सांगितलं. ही घरं बांधली तेव्हा गटारं नव्हती. दारातच शोषखड्डा खणायचे, वर लाद्या टाकायचे. पुढे गटार आलं, खड्डे वापरायचे बंद झाले, वर माती पडली, माणसं बदलली, सगळे विसरले. हनोकच्या पेरूचं मूळ नळीच्या जॉइनरला विळखा घालून बसलं होतं, तिथून पाणी झिरपत होतं. पाण्याबरोबर माती खड्ड्यात उतरत होती. वर कवच तेवढं राहिलं होतं.

"आणखीही असतील असे," तो म्हणाला. "सगळीकडे बघायला लागेल. एकेक करून बघू."

हनोकने तीनदा ओतलेली माती खड्ड्याच्या तळाशी होती. लाल, बाजारातून आणलेली, सगळ्या पिवळ्या मातीत वेगळी दिसत होती.

त्यानंतर हनोक जमिनीवर नीट चालेना. घरात फरशी होती, तरी पाऊल टाकण्याआधी टाचेने ठोकून बघायचा. बाहेर पडायचं झालं तर भिंत धरून, सिमेंटच्या कडेकडेने. बागेत तर त्याने पायच टाकला नाही. बागेच्या पाण्याचा कॉक बंद होता तो बंदच. कडक उन्हात मोगरा आधी गेला, मग सब्जा.

"अहो, किती दिवस भिंत धरून चालणार?" दिना विचारायची.

"दिना, आवाज झाला नाही."

"कसला आवाज?"

"ती पडली तेव्हा. आवाजच झाला नाही गं."

हेच. दिवसातून कितीतरी वेळा हेच. जेवताना, सिनेगॉगमध्ये, टीव्ही बघताना. मुलगी बीरशेबाहून येऊन बसली, डॉक्टरकडे चला म्हणाली. तो हो म्हणायचा आणि उठायचा नाही.

बायला बसतं केलं त्या दिवशी तो इस्पितळात तिच्या उशाशी होता. बाय सफरचंद खात होती, सुरीने पातळ कापून, एकेक फोड.

"खुर्चीचा पाय रुतायचा," ती मध्येच म्हणाली.

"काय?"

"खुर्चीचा. मागचा. महिनाभर तरी. बसलं की रुतायचा. मी जराशी सरकवून बसायची."

हनोक उठून उभा राहिला. "बाय, तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू खणलं असतंस. पेरू गेला असता. मला तेवढीच सावली होती रे." तिने फोड तोंडात टाकली. "आणि तू माती घालत होतासच की. म्हटलं, ह्याला ठाऊक आहे."

तो पुन्हा खाली बसला. त्याला वाटत होतं, तिला ठाऊक नव्हतं म्हणून ती पडली. तिला वाटत होतं, त्याला ठाऊक आहे म्हणून काळजी नाही. एकाच भोकावर दोघं भाऊबहीण रोज संध्याकाळी चहा पीत होती.

बसमधून उतरून तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. दोन्ही बाजूंना घरं. सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी. तेच दार, तीच पायरी, तीच खिडकी. फक्त एक घर डावं तर दुसरं उजवं. हनोकने आपलं घर बघितलं, मग पेरूचा कोपरा बघितला. आणि मग त्याची नजर कुंपण ओलांडून फ्रेहाच्या अंगणात गेली, त्याच अंतरावर, उलट्या बाजूला. तिथे झोपाळा होता.

झोपाळ्याखाली हिरवळ होती, आणि हिरवळीखाली त्याच्याच हातच्या नळ्या.

त्याने घरातून पहार काढली. दिना मागून ओरडत होती, पण तो थांबला नाही. भिंत न धरता तो फ्रेहाच्या अंगणात शिरला.

"फ्रेहा! पोरं कुठायत?"

"आत, जेवतायत. तुला काय झालंय? तोंड बघ कसं झालंय!"

"त्यांना आतच ठेव."

"माझ्या हिरवळीत भोकं पाडणार आहेस? तूच लावलीस आणि तूच उकरणार? हनोक, तुझं दुःख मला कळतं, पण तू आता वेडा होत चाललायस. सगळी गल्ली म्हणतेय."

"म्हणू दे."

तो हिरवळीच्या कडेला पोटावर आडवा झाला. गल्लीतले दोघे-तिघे कुंपणाशी जमले होते, कुणीतरी हसलंही. हनोकने हात लांब करून झोपाळ्याच्या खांबाशी पहार रोवली. घट्ट. थोडं पुढे. घट्ट. फ्रेहा कमरेवर हात ठेवून उभी होती, पुटपुटत होती. मग त्याने झोपाळ्याच्या बरोबर खाली पहार टेकवली आणि दाब दिला.

पहार वीतभर आत गेली, हातभर गेली, आणि मग त्याच्या हातातून सुटली. गेली. हिरवळीत रुपयाएवढं भोक राहिलं. आणि खालून, खूप खालून, लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला.

त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि पोरं, तोंडं पुसत, झोपाळ्याकडे धावत सुटली.

"जागचे हलू नका!"

फ्रेहा ओरडली. असा आवाज तिच्या गळ्यातूनही त्या गल्लीने कधी ऐकला नव्हता. पोरं पायरीवरच थिजली. धाकटीने तर भीतीने भोकाड पसरलं. फ्रेहा भिंतीला चिकटून सरकत त्यांच्यापर्यंत गेली, दोघांना बगलेत घेतलं, आणि तिथेच पायरीवर बसकण मारली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई म्हणायची," ती म्हणाली. "मी लहान होते, ह्याच घरात. आई म्हणायची, त्या बाजूला खेळू नकोस, तिथे घाण आहे. मला वाटायचं, उगाच म्हणते. मी विसरले, हनोक. मी विसरूनच गेले. मीच झोपाळा तिथे लावला."

हनोक हिरवळीवर तसाच आडवा होता. कुंपणाशी हसणाऱ्यांपैकीच कुणीतरी येऊन त्याला पायाला धरून ओढून काढलं.

मग कुणालाच वाट बघायची इच्छा राहिली नाही. आठवड्याच्या आत नगरपालिकेची यंत्रं आली. गल्लीत बहुतेक प्रत्येक दारात खड्डा निघाला. काही आधीच कुणीतरी बुजवलेले, काही नुसते पोकळ. एकाच्या तर वर मोटार उभी राहत होती. रेती, खडी, सिमेंट ओतून सगळे भरले. हनोकचा पेरू यंत्राच्या वाटेत आला. तोडावा लागला. तोडताना तो घरात बसून राहिला.

बाय चाकांच्या वॉकरला धरून परत आली त्या दिवशी दिनाने एलियाहू हनाबी ह्या प्रेषिताच्या नावाने नवसाचा मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं. ताटाभोवती गल्लीतली सगळी माणसं बसली, फ्रेहा नातवंडांना घेऊन सगळ्यांत पुढे. पेरू गेल्याचं कळल्यावर बाय त्या रिकाम्या कोपऱ्याला पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "आता मला उन्हातच बसवा." आणि ओट्यावर, सिमेंटवर, खुर्ची मांडायला लावली.

हनोकने बागेत पुन्हा नळ्या घातल्या, पण पुरल्या नाहीत. सगळ्या उघड्या, मातीवर, आतड्यांसारख्या पसरलेल्या. दिसायला वाईट दिसतात. रोज सकाळी काठी ठोकत ठोकत तो एकेक सांधा हाताने चाचपून बघतो. शेवटी नव्याने लावलेल्या मोगऱ्यापर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागतो.

फ्रेहाने कधी आभार मानले नाहीत. शुक्रवारी दुपारी कुंपणावरून कुसकुसचं, म्हणजे मोरोक्कन पद्धतीच्या वाफवलेल्या रव्याचं, झाकलेलं ताट येतं, एवढंच. गल्लीत मात्र हनोकचं नाव झालं. सिनेगॉगमध्ये लोक पाठीवर थाप मारतात, आवासकरांनी पोरं वाचवली म्हणतात. पूर्वी बागेचं कौतुक केलं की तो फुलायचा. आता असं काही म्हटलं की तो बोलणाऱ्याकडे बघत राहतो, जणू त्या माणसाने भलतंच काही सांगितलं.

"मी कुठं वाचवलं?" तो म्हणतो. "मी नुसता घाबरलो होतो."